गोळी लागू पडत नाही, की आपण तिला वेळच देत नाही?

"दोन महिने गोळ्या खाल्ल्या, काही गुण आला नाही, मग बंद केल्या." श्रीवर्धन, म्हसळा, तळा, मुरूड, रोहा या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये आरोग्याचे काम करताना फिट येणाऱ्या माणसाच्या घरी हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. त्याच्या पुढचे वाक्यही ठरलेले असते. "मग एकाने भगत सांगितला."

या दोन वाक्यांच्या मध्ये जी जागा आहे, तिच्याबद्दल आपण बोलायला हवे. भगत वाईट, अंधश्रद्धा वाईट हे आपण व्यासपीठावरून हजारदा बोललो आहोत. पण फिटची गोळी किती दिवसांत लागू पडते, हा साधा प्रश्न एखाद्या आईने विचारला तर आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांना उत्तर देता येईल? ते उत्तर आपल्याकडे नसते, आणि डॉक्टरांना ओपीडीच्या गर्दीत ते सांगायला सवड नसते. म्हणून भगताचे फावते. तो निदान मुदत तरी देतो. "पुढच्या अमावस्येपर्यंत बघ."

आधी रोग समजून घेऊ

फिट, फेफरे, आकडी, मिरगी, अपस्मार ही सगळी एकाच रोगाची नावे आहेत. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी बोलतात. हे संदेश अचानक एकदम उसळले की फिट येते. कारणे अनेक आहेत. जन्माच्या वेळी मेंदूला कमी पडलेला प्राणवायू, डोक्याला मार, मेंदूज्वर, अर्धांगवायू, मेंदूतली गाठ ही त्यातली काही. पुष्कळदा कारण सापडतही नाही.

एक कारण मुद्दाम सांगते, कारण त्यावरून आपल्या लोकांना टोमणे ऐकावे लागतात. पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठी होतात आणि फिट येतात. लगेच बोट डुकराचे मांस खाणाऱ्यांकडे वळते. प्रत्यक्षात मेंदूत गाठी करणारी ही अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात आणि दूषित पाणी, न धुतलेली भाजी किंवा अस्वच्छ हात यांतून पोटात जातात. जन्मभर शाकाहारी असलेल्यालाही हा आजार होतो. प्रश्न संडासाचा आणि स्वच्छ पाण्याचा आहे, कुणाच्या ताटाचा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. नीट निदान आणि नीट उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. तरीही गरीब देशांतल्या जवळपास तीन चतुर्थांश रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. आणि हे औषध नवे नाही. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून. शंभर वर्षांपूर्वीची स्वस्त गोळी कोकणातल्या वाडीपर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न वैद्यकशास्त्राला विचारून उपयोग नाही. तो समाजाला आणि सरकारला विचारावा लागतो.

औषधाची तीन वेळापत्रके

"गोळी कधी लागू पडणार?" या प्रश्नाला एक उत्तर नाही, तीन आहेत. तिन्ही वेगवेगळी मोजली पाहिजेत.

पहिले वेळापत्रक दिवसांचे. रांजणात वरून पाणी पडते आहे आणि खालून थोडे गळते आहे, तशी शरीराची स्थिती असते. रोज गोळी जाते, रोज शरीर ती थोडी बाहेर टाकते. काही दिवसांनी पातळी स्थिर होते आणि मग खरे काम सुरू होते. लेव्हेटिरासिटामची पातळी साधारण दोन दिवसांत स्थिर होते. सोडियम व्हॅल्प्रोएटला दोन ते चार दिवस लागतात, फेनिटॉइनला आठवडा किंवा त्याहून जास्त, तर फेनोबार्बिटोनला दोन ते तीन आठवडे. म्हणजे फेनोबार्बिटोन सुरू केल्यावर आठव्या दिवशी फिट आली, तर गोळी हरली असे म्हणता येत नाही. रांजण अजून भरलेलाच नाही.

दुसरे वेळापत्रक आठवड्यांचे. बहुतेक औषधे डॉक्टर लहान डोसने सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. लॅमोट्रिजिन घाईने वाढवले तर अंगावर धोकादायक पुरळ येऊ शकते, म्हणून त्याचा पूर्ण डोस गाठायला सहा आठवडे किंवा जास्तही लागतात. कार्बामाझेपिनची गंमत वेगळीच. शरीर त्या औषधाला सरावते आणि काही आठवड्यांत ते जास्त वेगाने बाहेर टाकू लागते. त्यामुळे सुरुवातीला गुण दिसतो आणि महिन्याभराने पुन्हा फिट येते. घरचे म्हणतात, "गोळीची सवय झाली, आता उपयोग नाही." प्रत्यक्षात डोस वाढवण्याची वेळ आलेली असते. जो माणूस पहिल्या चार आठवड्यांत गोळी सोडतो, त्याने खरे औषध अजून घेतलेलेच नसते.

तिसरे वेळापत्रक महिन्यांचे, आणि हेच सगळ्यांत कमी सांगितले जाते. औषध लागू पडले की नाही, हे ठरवायचे कसे? ज्याला आठवड्यातून दोनदा फिट येते, त्याला पूर्ण डोस सुरू झाल्यावर महिन्याभरात फरक दिसू शकतो. पण ज्याला चार महिन्यांतून एकदाच येते, त्याला दोन महिने फिट आली नाही यावरून काय कळणार? औषध नसते तरी ती आलीच नसती! अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनेने २०१० साली यासाठी मोजमाप ठरवले. उपचाराआधीच्या वर्षात दोन फिटमध्ये सगळ्यांत मोठे अंतर किती होते ते पाहायचे आणि त्याची तिप्पट करायची. तेवढा काळ किंवा बारा महिने, यांतला जो मोठा असेल तितका काळ फिट आली नाही, तरच रुग्ण फिटमुक्त झाला असे म्हणायचे. अंतर दोन महिन्यांचे असेल तर तिप्पट सहा महिने, म्हणून बारा महिने थांबायचे. अंतर सहा महिन्यांचे असेल तर दीड वर्ष.

याचा अर्थ दीड वर्ष गप्प बसून सोसायचे असा नाही. फिट वाढल्या, पुरळ आले, सतत झोप किंवा तोल जाऊ लागला, तर लगेच डॉक्टरकडे जायचे. औषध बदलता येते. २००० साली ग्लासगोच्या क्वान आणि ब्रॉडी या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. आधी कधीच औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के पहिल्याच औषधावर फिटमुक्त झाले, आणखी १४ टक्के दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधावर. म्हणजे पहिली गोळी चालली नाही म्हणून सगळे संपत नाही. पण योग्य निवडलेली दोन औषधे पूर्ण डोसमध्ये, पुरेसा काळ घेऊनही फिट थांबत नसतील, तर जास्त वाट न पाहता मोठ्या रुग्णालयातल्या मेंदूविकार विभागात जायला हवे. काही रुग्णांना शस्त्रक्रियेचाही उपयोग होतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. "दवाखान्यात इंजेक्शन दिले आणि फिट पाच मिनिटांत थांबली, मग गोळीला महिने का?" इंजेक्शन चालू असलेली फिट विझवते. गोळी पुढची फिट पेटू नये म्हणून असते. दोन्ही कामे वेगळी आहेत.

भगताला गुण का येतो?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. लोक मूर्ख नाहीत. त्यांना गुण दिसतो म्हणून ते जातात. तो दिसतो कसा, हे समजून घेणे हे आपले काम आहे.

माणूस भगताकडे कधी जातो? एका आठवड्यात तीन फिट आल्या, सगळे घाबरले, की तेव्हा. म्हणजे सगळ्यांत वाईट काळात. अपस्मारात वाईट काळानंतर शांत काळ बहुधा आपोआपच येतो. त्या शांततेचे श्रेय उताऱ्याला, अंगाऱ्याला, कोंबड्याला मिळते. त्यातच त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यातली गोळीही सुरू झालेली असते. ती रांजण भरत असते, पण नाव भगताचे होते. मग भगत सांगतो, आता गोळ्या सोड, नाहीतर देव कोपेल. गोळ्या एकदम बंद होतात. फिटचे औषध अचानक तोडले की फिट पूर्वीपेक्षा जोराने येतात, कधी एकामागून एक येत राहतात आणि जिवावर बेततात. घरात म्हणतात, "बघा, कोप झाला." तो कोप नसतो, औषध तुटल्याचा परिणाम असतो. भगत मात्र दोन्ही बाजूंनी जिंकतो. गुण आला तर त्याचा, बिघडले तर देवाचा किंवा शेजारणीचा.

गोळीला असा वकील नसतो. तिच्या बाजूने बोलणारा वहीतला हिशेब असतो, आणि तो हिशेब कुणी ठेवलेला नसतो.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे विसरू नका. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. दुसरा कायदा त्याहून जुना, १९५४ चा, औषधे आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. ज्या रोगांवर हमखास इलाजाची जाहिरात करायला त्यात बंदी आहे, त्या यादीत अपस्माराचे नाव आहे. तरी भिंतींवर आणि मोबाइलवर "मिरगी जडापासून बंद" चालूच आहे. अशा पुड्यांमध्ये लपवून फेनोबार्बिटोनच मिसळल्याची प्रकरणे आपल्या देशात उघड झाली आहेत. म्हणजे शिव्या घालायच्या गोळीला आणि विकायची तीच गोळी, किती मात्रेत ते न सांगता!

थांबणे फुकट नसते

आता दुसरी बाजू. "धीर धरा, वर्षभर गोळ्या घ्या" असे आपण सहज म्हणतो. पण धीर धरण्यासाठी वर्षभर गोळी हातात असावी लागते.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या आपल्या माणसाचे वर्ष कसे असते? पावसाळ्यात भातशेतीची मजुरी, मग बांधकाम, कंपनीतले कंत्राटी काम किंवा मुंबईला नातेवाइकाच्या खोलीवर. आदिवासी कातकरी कुटुंब तर दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघून जाते ते पावसाच्या तोंडावर परत येते. दवाखाना पंधरा दिवसांच्या गोळ्या देतो. सोळाव्या दिवशी पुन्हा यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे आणि सोबत येणाऱ्याचीही मजुरी. गेल्यावर कळते की गोळी संपली आहे, पुढच्या आठवड्यात या. अशा वेळी गोळी चुकते. मग कागदावर लिहिले जाते, "रुग्ण औषधे नियमित घेत नाही." रोगही आमचा, दोषही आमचाच!

इथे महाडचा इतिहास आठवावा. १९२३ साली बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागदावर तळे खुले होते. प्रत्यक्षात पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि बाबासाहेबांना हजारोंसह चवदार तळ्यावर जावे लागले. आज फिटची औषधे आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात अपस्माराचा समावेश आहे. मुंबईच्या एपिलेप्सी फाउंडेशनने राष्ट्रीय आरोग्य अभियानाबरोबर राज्याच्या ग्रामीण भागात शिबिरे घेऊन दाखवले आहे की तज्ज्ञ डॉक्टर गावांपर्यंत आणता येतात. पण शिबिर एका दिवसाचे असते, गोळी रोजची. यादीतले औषध कपाटात आहे का, हा आपला आजचा पाणवठ्याचा प्रश्न आहे.

लपवलेली गोळी

सगळ्यांत जास्त किंमत मोजतात त्या मुली. मुलीला फिट येते हे कळले तर लग्न होणार नाही, म्हणून घरात कुणाला सांगायचे नाही. लग्न झाले की ती सासरी गोळ्या लपवते. लपवलेली गोळी चुकते. पाहुण्यांच्या गर्दीत, जागरणात, उपाशीपोटी दिवस जातो आणि फिट येते, कधी चुलीजवळ, कधी विहिरीवर. मग "फसवले" म्हणून ती माहेरी येते. हे आपल्या बौद्ध कुटुंबांतही घडते.

१९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार झटके हे लग्नासाठी अपात्रतेचे कारण म्हणून घातले गेले होते. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९९९ च्या दुरुस्तीने "अपस्मार" हा शब्द दोन्ही कायद्यांतून काढून टाकला. कायद्याने डाग पुसून पाव शतक झाले, आपल्या सोयरिकीच्या बैठकीत तो अजून आहे. माझे म्हणणे स्पष्ट आहे: लग्नाआधी दोन्ही घरांनी मोकळेपणाने बोलावे आणि गोळी उघड्यावर, सगळ्यांच्या देखत घेतली जावी. अपस्मार असलेल्या बहुसंख्य स्त्रिया संसार करतात, निरोगी बाळांना जन्म देतात. फक्त गरोदरपणाचा विचार सुरू होताच डॉक्टरांशी बोलायला हवे, कारण व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपाय करू शकते आणि ते वेळीच बदलता येते. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे मात्र आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचे.

धम्म काय सांगतो

आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. देव्हारे काढले. पण रात्री मुलाला फिट आली की काही घरांतून पहाटे भगताकडे गाडी निघतेच. त्यांना नावे ठेवून काही होणार नाही. भीतीच्या रात्री जो जवळ असतो, माणूस त्याचे ऐकतो. तिथे आपण का नव्हतो?

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. हगवणीने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला होता, कुणी विचारत नव्हते. तथागतांनी आनंदाला घेऊन त्याला स्वतः धुतले आणि संघाला शिकवले की आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा. त्याच ठिकाणी चांगल्या रुग्णाचे गुण सांगितले आहेत. तो पथ्य पाळतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो आणि आजार वाढतो आहे, कमी होतो आहे की तसाच आहे हे शुश्रूषा करणाऱ्याला खरे सांगतो. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शिकवण फिटच्या रुग्णाला आजही तंतोतंत लागू आहे. औषध वेळेवर घ्या आणि खरा हिशेब ठेवा. विज्ञाननिष्ठा म्हणजे नुसते भगताला नाही म्हणणे नव्हे. पुरावा जमेपर्यंत मोजत राहणे ही तिची पुढची पायरी आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

१. प्रत्येक वाडीत फिटच्या रुग्णाला एक वही द्या. तारीख, वेळ, फिट किती मिनिटे टिकली, त्या दिवशी गोळी घेतली होती का, झोप झाली होती का, एवढे पाच रकाने पुरेत. फिट आली तर कुणीतरी मोबाइलवर चित्रण करावे. प्रत्येक झटका अपस्माराचा नसतो, आणि डॉक्टरांना निदानासाठी हे चित्रण फार उपयोगी पडते.

२. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायला शिकवा. पूर्ण डोस कधीपर्यंत गाठणार? गुण आला की नाही हे कधी ठरवायचे? गोळी चुकली तर काय करायचे? उत्तरे त्याच वहीत लिहून घ्या.

३. फिट आली की कांदा, चप्पल, चमचा काही नको. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, झटके ओसरताच कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर थेट १०८.

४. औषध लागू पडेपर्यंतचा काळ सुरक्षित करा. होडीवर, विहिरीवर, खाडीत एकट्याने जायचे नाही. चुलीजवळ सोबत असावी. गाडी चालवायची नाही. जागरण टाळायचे, मग ते १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे का असेना.

५. कामासाठी बाहेर जाणाऱ्यांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात आणि तालुक्याच्या रुग्णालयात फिटची मूळ औषधे कायम शिल्लक असावीत, यासाठी रुग्ण कल्याण समितीत आणि ग्रामसभेत लेखी मागणी करा. साठा किती आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर आले की वाडीत वाचून दाखवा.

६. फिट थांबल्या म्हणून गोळी थांबवू देऊ नका. साधारण दोन वर्षे एकही फिट आली नाही, तर काही रुग्णांची गोळी डॉक्टर काही महिन्यांत हळूहळू कमी करून पाहतात. काहींना ती पुढेही लागते. हा निर्णय डॉक्टर आणि रुग्णाने मिळून घ्यायचा, भगताने नाही आणि शेजाऱ्यानेही नाही.

आपल्या विहारांत दर रविवारी वंदना होते. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास या वह्या उघडा. कुणाची गोळी संपत आली आहे, कुणाला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचे आहे, कुणाच्या मुलीने परीक्षेच्या भीतीने डोस चुकवला, हे तिथे कळेल. ज्या घराला विहारातून असा माणूस मिळेल, त्याला अमावस्येची वाट पाहावी लागणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!